खरी वाटते का, तेवढं सांगा

रविवार होता. जेवण करून मी अंगणात बाजेवर आडवा झालो होतो. तेवढ्यात माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सायकल भिंतीला टेकवून थेट माझ्या पायाशी येऊन बसला. बर्डीवरच्या बाजारात त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नागपुरात अशी दुकानं नुकती कुठे निघायला लागली होती. एका लांबट खोलीत चार-पाच पेट्या, प्रत्येक पेटीला टीव्हीसारखी काच, खाली दांडी आणि बटणं. कॉलेजची मुलं टोकन टाकून खेळायची.

"भाऊजी, इतवारीच्या बाजारात एक मशीन आली आहे," तो म्हणाला. "मोटारीच्या रेसची. बसायले सीट आहे, स्टिअरिंग आहे, गिअर आहे, खाली ब्रेक न् ॲक्सिलेटर आहे. व्यापारी म्हणते, एकदम खऱ्या गाडीसारखी. महाग आहे पण. घेऊ का नको, समजूनच नाही राहिलं."

"मग मले काहून विचारून राहिला गा?"

"तुमाले नाही तर कोणाले विचारू? चौदा वर्षं बस चालवली तुमी. मले सायकलच्या वर काही येत नाही. एकदा बसून पाहा. खरी वाटते का, तेवढं सांगा. तुमी हो म्हटलं तर घेतो, नाही म्हटलं तर सोडतो."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "जा ना," ती म्हणाली. "काच तर हातभर अंतरावर असन. तेवढं तर दिसन तुमाले."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण तो गेल्यावर मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

मी बस सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. डोळे अधू झाले म्हणून सोडली, असं घरीदारी सगळ्यांना माहीत होतं. ते खोटं होतं. माझे डोळे चांगले होते. मला गाडीची भीती वाटत होती.

हिंगण्याच्या एका कारखान्याची बस मी चालवत असे, पहिल्या पाळीची. इंदोऱ्याहून माणसं घेत घेत निघायचं आणि सातच्या आत त्यांना फाटकाशी सोडायचं. थंडीचे दिवस होते. चाळीसेक माणसं मफलर गुंडाळून पेंगत होती. अंबाझरीच्या पुढे धुकं इतकं दाट होतं की दिवे लावले तरी समोर फक्त पांढरं दिसायचं. हा रस्ता माझ्या हातापायांना पाठ होता, म्हणून मी जरा जोरातच होतो. अचानक त्या पांढऱ्यातून एक सायकल निघाली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर कानटोपी घातलेला माणूस. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी ब्रेकवर उभा राहिलो. बस थांबली नाही, तशीच घसरत गेली. खालून लोखंड चिरडल्याचा आवाज आला.

मी खाली उतरलो. पुढच्या चाकाखालून दूध वाहत होतं, गरम असावं, त्यातून वाफ निघत होती. त्या दुधात कुठे लाल दिसतं का, हे मी वाकून वाकून पाहत होतो. तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यातून तो दूधवाला शिव्या देत उठला. त्यानं वेळेवर उडी मारली होती. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. बसमधली माणसं उतरली, "वाचला बाप्पा" म्हणत हसली, त्याला कपडे झटकायला मदत केली आणि परत चढली. आम्ही वेळेवर फाटकाशी पोचलो. कोणी तक्रार केली नाही, कोणी कागद लिहिला नाही. काही झालंच नव्हतं.

पण त्या दिवसापासून माझं बिघडलं. धुकं नसलं तरी मला समोर पांढरं दिसायचं. रस्त्याच्या कडेला कोणी धोतर वाळत घातलेलं असलं तरी पाय ब्रेकवर जायचा. स्टिअरिंग इतकं घट्ट धरायचो की फाटकाशी पोचल्यावर बोटं सरळ होत नसत. माणसं उतरली की मी बसच्या मागे जाऊन ओकायचो आणि पाण्यानं चूळ भरून जणू काही झालं नाही असा चहा प्यायला जायचो. माझ्या मागे चाळीस माणसं झोपून असतात, माझ्यावर सोडून झोपतात, हे त्याआधी चौदा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. आता दुसरं काही मनात येतच नव्हतं.

वीस दिवस कसेबसे काढले. मग साहेबांना सांगितलं, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मला शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ दिसत होती. मी तिसऱ्या ओळीवर थांबलो. डॉक्टरनं नंबर लिहून दिला. तो कागद मी फाडला आणि चष्म्यात साध्या काचा बसवून घेतल्या. कारखान्यानं मला फाटकाजवळच्या टाइम ऑफिसात बसवलं. माणसं येत-जात आपली कार्डं पंच करायची आणि मी त्यांच्याकडे त्या साध्या काचांतून पाहायचो.

खरं का सांगितलं नाही? कोणी मेलं असतं तर सांगता आलं असतं. जखमी झालं असतं तरी सांगता आलं असतं. काहीच झालं नाही आणि मी भ्यालो, हे कोणत्या तोंडानं सांगू? छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. ते पुढे आयुष्यभर म्हणत, "आपण आता कोणाले भेत नाही." कुठल्या साहेबापुढे, कुठल्या पाटलापुढे त्यांनी मान खाली घातली नाही. त्यांचा मुलगा सायकलला भ्याला, हे विहारात बसणाऱ्या त्यांच्या जुन्या मित्रांच्या कानावर गेलं असतं तर मला रस्त्यानं चालणं कठीण झालं असतं. निदान मला तसं वाटत होतं.

इतवारीला जायचं पुढच्या सुट्टीला ठरलं. मधले सहा दिवस मी स्वतःला समजावत होतो की तो खेळ आहे, लाकडाची पेटी आहे, तिला चाकंसुद्धा नाहीत. पण "एकदम खऱ्या गाडीसारखी" हे शब्द डोक्यातून जात नव्हते. ती खऱ्यासारखी नसावी, असं मी मनापासून मागत होतो.

आम्ही सायकलरिक्षानं गेलो. इतवारीत नेहमीसारखी हातगाड्यांची आणि टेम्पोंची दाटी होती. भांड्यांच्या गल्लीमागे एका ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम होतं. आत धान्याच्या पोत्यांचा वास येत होता. पोत्यांच्या मधोमध गोणपाट काढून ठेवलेली ती मशीन उभी होती, लाल रंगाची, कपाटाएवढी. पुढे मोटारीसारखी खुर्ची, काळं गोल स्टिअरिंग, उजव्या हाताला गिअरची आखूड दांडी. क्लच नव्हता. व्यापाऱ्यानं वायर जोडली, काच उजळली आणि तिच्यावर एक सरळ रस्ता उमटला.

"बैठिए, ड्रायव्हर साहब," तो म्हणाला. "आप तो उस्ताद आदमी हैं."

मी बसलो. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मेहुणा माझ्या खांद्यामागे वाकून उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. टोकन पडल्याचा आवाज झाला, मग इंजिनाचा. पेटीतून निघालेला तो आवाज थेट खुर्चीतून माझ्या पाठीत शिरला. एवढ्यानंच माझ्या तळहातांना घाम फुटला. मी ॲक्सिलरेटर हळूच दाबला. काचेवरचा रस्ता माझ्याकडे यायला लागला. दोन्ही बाजूंची झाडं पळायला लागली. मी गिअर वर टाकला. क्षणभर मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. हाताला जुनी सवय आठवली.

मग वळण आलं. वळणापलीकडून एक गाडी अचानक माझ्यासमोर आली, पांढरी.

मी ब्रेक दाबला. माझी काचेतली गाडी घसरत गेली, तशीच, आणि त्या पांढऱ्या गाडीवर आदळली. पेटीतून मोठा धडाका झाला, गाडी हवेत उडून उलटली, काचेवर लाल-पिवळा जाळ दिसला. दोन-तीन सेकंदांत तीच गाडी पुन्हा रस्त्यावर सरळ उभी होती, धुतल्यापुसल्यासारखी. इंजिन घुरघुरत माझी वाट पाहत होतं.

"भाऊजी, चला! रेस द्या!" मेहुणा म्हणाला.

माझा पाय ब्रेकवरून उठेना. मी उठवायचा प्रयत्न करत होतो, पण गुडघ्याखालचा पाय माझा राहिलाच नव्हता. वर कोपऱ्यात वेळेचे आकडे उतरत होते. दुसऱ्या गाड्या सूं सूं करत माझ्या बाजूनं निघून जात होत्या. माझी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि मागून कोणी येऊन धडकेल म्हणून मी मान खांद्यांत ओढून घेतली होती. व्यापारी हसला. "क्या हुआ साहब, पेट्रोल खतम?"

वेळ संपली. काच काळी झाली. मी उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. चष्मा काढून पुसत राहिलो, म्हणजे कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये.

"कशी आहे?" मेहुण्यानं विचारलं.

"घेऊ नको," मी म्हणालो. "खोटी आहे. स्टिअरिंगले वजनच नाही. ब्रेक दाबला का खरी गाडी अशी कधी घसरत नाही. ज्याले गाडी समजते तो हसन तुह्यावर."

त्यातलं स्टिअरिंगचं खरं होतं. ब्रेकचं साफ खोटं होतं. खरी गाडी अगदी तशीच घसरते, हे तिथे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? व्यापाऱ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याला कळलं असावं. मेहुण्याला मात्र काही कळलं नाही. त्यानं माझ्या शब्दावर मशीन सोडली. परत येताना रिक्षात तो मला म्हणाला, "बरं झालं भाऊजी, तुमाले आणलं. नाही तर मी फसलो असतो."

महिनाभरात ती लाल मशीन धरमपेठेतल्या एका दुकानात लागली. मेहुण्यानंच येऊन सांगितलं. दुकानाबाहेर फुटपाथपर्यंत रांग असते म्हणाला. पुढे पुढे त्याच्या दुकानातल्या पेट्या रिकाम्या दिसायला लागल्या. त्यानं पंखा बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं की लावायचा. मला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. "आपल्या पोरायले गाडी समजत नाही, तुमाले समजते, त्याले काय इलाज?" एवढंच म्हणायचा. तो घरी यायचा असला की मी काही तरी निमित्त काढून बाहेर जायला लागलो. आधी मला फक्त रस्त्याची भीती होती. आता मेहुण्याच्या सायकलच्या घंटीचीही वाटायला लागली.

एक दिवस पाळी सुटल्यावर मी धरमपेठेत उतरलो आणि त्या दुकानात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. रांगेत एक जण खरा ड्रायव्हर होता. खाकी शर्टावरून ओळखू आला. त्याची पाळी आली, तो बसला, त्याची गाडी वळणावर घसरली, आदळली. तो उठून सोबत्याला म्हणाला, "डिट्टो राजा! अशीच जाते." मी तिथून निघालो तो थेट घरापर्यंत चालत आलो, बसमध्ये चढलोच नाही.

बायको ओट्यावर बसून भिवापूरच्या मिरच्यांची देठं खुडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "तुह्या भावाले मी फसवलं वं."

मग सगळं सांगितलं. दूधवाला, वीस दिवस, बसमागचं ओकणं, तक्त्याची तिसरी ओळ, इतवारी. ती देठं खुडत राहिली. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "चष्म्याचं मले माहीत होतं."

"कसं?"

"पहिल्याच आठवड्यात घालून पाहिला होता मी. तुमी आंघोळीले गेले होते. जसं चष्म्याविना दिसते, तसंच दिसलं." तिनं खुडलेली मिरची सुपात टाकली. "मले वाटलं, सांगतीन कधी तरी. मग वाटलं, मी विचारलं अन् हे घर सोडून गेले तर? म्हणून नाही विचारलं. मीही भ्यालीच ना."

दोन वर्षं आम्ही एका घरात, एका ताटाशी बसून, दोघंही भीत होतो. मिरच्यांच्या तिखट वासानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते निमित्त चांगलं होतं.

"त्याले सांगा," ती म्हणाली. "माह्या तोंडून नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बर्डीवर गेलो. दुकानात कोणी नव्हतं. मेहुणा एका पेटीची मागची फळी काढून आतली धूळ झटकत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हातातलं फडकं त्यानं पेटीवर ठेवलं.

"म्हणजे ती खरी होती?"

"खरीच होती. म्हणून तर."

"मग तुमी मले भेव लागते असं सांगितलं असतं तर मी हसलो असतो का, भाऊजी?" त्याचा आवाज चढला. "तुमच्या शब्दावर मी माहं दुकान डावावर लावलं. सांगा ना, हसलो असतो का?"

"नसता हसला," मी म्हणालो. "मलेच तसं वाटलं."

तो बाहेर गेला. मी रिकाम्या दुकानात स्टुलावर बसून राहिलो. आता हा परत येऊन बहिणीशी नातं तोडतो म्हणेल, असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं तो आला. रागानं कान लाल होते, पण त्यानं चहाचे दोन ग्लास आणले होते. एक माझ्यासमोर आपटून ठेवला, थोडा चहा सांडला. त्यानंतर दोन-तीन महिने तो आमच्या घरी आला नाही. बायकोला रस्त्यात भेटला तरी कमी बोलायचा. ते दिवस वाईट गेले. माझ्यामुळे बहीण-भावात आलेलं ते अंतर मला इतर कशाहून जास्त टोचायचं.

मग एका सकाळी मी टाइम ऑफिसात असताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हाक मारली, "कोणी भेटायले आलं आहे." मेहुणा होता. सायकलवर हिंगण्यापर्यंत आला होता, घामानं भिजलेला.

"आणखी एक आली आहे इतवारीले," तो म्हणाला. "निळी. दुसऱ्या कंपनीची. तुमी येता का?"

"मी?"

"दुसरं कोण? आता तर तुमी खोटं नाही बोलणार. भेव लागलं तर समजीन का खरी आहे."

त्या सुट्टीला आम्ही तिघं गेलो, बायकोही होती. तेच गोदाम, तोच वास. मी बसलो तेव्हा हात तसेच ओले झाले. पहिल्या वळणावर मी आदळलो, दुसऱ्यावरही. दुसऱ्यांदा पाय पुन्हा अडकला, पण या वेळी मी तोंडानं म्हणालो, "पाय निघून नाही राहिला." बायकोनं खुर्चीच्या पाठीवरचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं पाय निघाला. वेळ संपेपर्यंत मी बैलगाडीच्या चालीनं, रस्त्याची कड धरून, गाडी पुढे नेत राहिलो. पहिल्या टप्प्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

"घे," मी उतरून म्हणालो. "स्टिअरिंग हलकं आहे. बाकी खरी आहे."

त्यानं घेतली. ती मशीन त्याच्या दुकानात पुढे कित्येक वर्षं चालली, आणि त्याचा पंखाही. मी बस पुन्हा कधी चालवली नाही. टाइम ऑफिसातूनच निवृत्त झालो. साहेबांना मी खरं सांगितलं, तर ते म्हणाले, कार्डांचं काम तुम्ही चांगलं करता, तेच करा. चष्मा मात्र मी त्याच आठवड्यात काढून ठेवला. लोकांना सांगितलं, मला चष्म्याची गरज नव्हतीच. एक-दोघांनी पुढे विचारलं, तेव्हा दूधवाल्याची गोष्टही सांगितली. विहारातल्या एका म्हाताऱ्यानं ती ऐकून घेतली, आणि एकदा विहीर खणताना त्याच्या डोक्यावर माती आली होती तेव्हापासून तो खोल जागेत उतरत नाही, असं मला सांगितलं. वडिलांचा जुना मित्र होता तो.

ती निळी मशीन लागली त्या दिवशी दुकानात मी कोपऱ्यात उभा होतो. शेजारचा म्हातारा शिंपी पहिलं टोकन टाकून बसला. त्यानं जन्मात कधी मोटार चालवली नव्हती. त्याची गाडी सरळ झाडावर जायची, उलटायची, आणि तो तोंडभर हसायचा. प्रत्येक वेळी ती आदळायच्या आधी माझा उजवा पाय खालच्या फरशीवर जोरात दाबला जात होता. मेहुण्यानं ते पाहिलं. त्यानं एक स्टूल ओढून माझ्यामागे ठेवलं आणि म्हणाला, "बसून दाबा भाऊजी, उभ्यानं पाय दुखन."

मी बसलो.